जुनी जीप कामाला कशी लावावी?

आपल्या परभणी जिल्ह्यातल्या साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांना ‘सरकारी गाडी’ म्हटले की अजूनही जीपच आठवते. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समूह विकास योजना सुरू झाली आणि पुढे १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्या. गटविकास अधिकारी गावात आले की आधी दुरून धुरळा दिसे, मग टपाची जीप दिसे, आणि शाळेतली पोरे वर्ग सोडून वेशीकडे धावत. कुटुंबनियोजन असो, देवीची लस असो की दुष्काळी कामाची हजेरी असो, सरकार गावात येई ते जीपमध्ये बसूनच.

त्या जीपा आता कोठे गेल्या? काही भंगारात गेल्या. काही लिलावात निघाल्या आणि शेतकऱ्यांच्या, ठेकेदारांच्या घरी आल्या. आजही एखाद्या वाड्याच्या मागे, कडब्याच्या गंजीशेजारी, चाकांतली हवा गेलेली जीप उभी दिसते. बोनेटवर कोंबड्या बसलेल्या असतात. घरातला तरुण मुलगा म्हणतो, “आबा, हिला नीट करू. रोज शेतावर न्यायला कामी येईल.” आबा म्हणतात, “पैसा खाईल ती. ट्रॅक्टरचा हप्ता आधी भर.” दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून जुनी जीप पुन्हा रोजच्या वापरात आणायची तर काय पाहावे, कोणत्या क्रमाने काम करावे, आणि कोठे थांबावे, ते आज आपण पाहू. जीपच्याच नात्यातला, समोरून चपट्या तोंडाचा, चालक जवळजवळ इंजिनावरच बसतो असा जो एफ.सी. जातीचा लहान मालट्रक असे, त्यालाही यातले बहुतेक सारे लागू पडते.

प्रथम या यंत्राची थोडी कुळकथा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी हवी होती. १९४० मध्ये बँटम नावाच्या एका लहान कंपनीने तिचा पहिला नमुना बनवून दिला. पुढे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून युद्धकाळात अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. युद्ध संपल्यावर विलीजने तीच गाडी शेतकऱ्यासाठी म्हणून बाजारात आणली. आपल्याकडे १९४५ मध्ये निघालेली महिंद्रा अँड महंमद ही कंपनी १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा झाली, आणि १९४९ मध्ये मुंबईला माझगाव येथे परदेशातून आलेले सुटे भाग जुळवून जीप तयार होऊ लागली. पुढे १९५० च्या दशकात गाडी येथेच बनू लागली. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसली ती उंच बोनेटची जीप, म्हणजे सी.जे. थ्री-बी.

ते बोनेट उंच का, याचे उत्तर इंजिनात आहे. युद्धकाळातल्या जीपच्या इंजिनात हवा आत घेणारा आणि धूर बाहेर टाकणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, बाजूला असत. नव्या इंजिनात धुराचा व्हॉल्व्ह खालीच राहिला, पण हवा घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला. त्यामुळे इंजिनाला श्वास मोकळा मिळाला, ताकद वाढली, पण उंचीही वाढली. ती झाकायला बोनेट वर उचलावे लागले. चार सिलिंडरांचे, सुमारे २२०० घनसेंटिमीटरचे हे पेट्रोल इंजिन अतिशय साधे आहे. ज्याला त्याची रचना कळली त्याला बहुतेक मोटारींचे मूळ कळले, असे म्हणायला हरकत नाही. १९७० च्या दशकात पेट्रोल महागले तेव्हा जीपमध्ये ट्रॅक्टरच्या जातीचे डिझेल इंजिन आले, आणि १९८० च्या दशकात पेजो जातीचे डिझेल इंजिन आले. तेव्हा तुमच्या दारातल्या गाडीत मुळात कोणते इंजिन होते आणि आज कोणते आहे, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर बोनेटखाली शोधण्याआधी कागदात शोधावे लागते.

कागदांचे काम आधी करा. पानाही हातात घेण्यापूर्वी करा. नोंदणी पुस्तकातला चासीचा क्रमांक आणि गाडीवरचा क्रमांक जुळतो का? इंजिनाचा क्रमांक जुळतो का? गाडी कोणाच्या नावावर आहे? वडील वारले, गाडी त्यांच्याच नावावर राहिली, असे आपल्याकडे पुष्कळदा घडते. नोंदणीची मुदत संपून दहा वर्षे उलटलेली असतात. चासीचा क्रमांकच जुळत नसेल तर त्या गाडीवर एक रुपयाही घालू नका. रंगवून चकचकीत केलेली पण कागद नसलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, विकता येत नाही, आणि अपघात झाला तर विम्याचा आधार मिळत नाही.

खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन ती दर ५ वर्षांनी पुढे वाढवता येते. दिल्ली आणि आसपासच्या भागात जुन्या गाड्यांवर जी बंधने आली, त्यांच्या बातम्या वाचून अनेकांना वाटते की पंधरा वर्षे झाली की गाडी बादच. आपल्याकडे तसे नाही. गाडी तपासणीत उतरली तर चालते. मात्र खर्च वाढला आहे. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, आणि २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. त्यावर राज्याचा पर्यावरण कर आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही नवी सुरक्षित क्रमांकपाटी लावावी लागते. तृतीय पक्षाचा विमा आणि धुराचे प्रमाणपत्र तर हवेच. तेव्हा परभणीच्या परिवहन कार्यालयात एक फेरी मारून आजचे दर लिहून घ्या आणि तो आकडा खर्चाच्या वहीत पहिल्या ओळीवर मांडा.

येथे एक मोठा घोटाळा होतो, तो नीट समजून घ्या. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळ्या नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि पाटीवर व्ही.ए. ही वेगळी अक्षरे. ऐकायला मानाचे वाटते. पण अशी गाडी प्रदर्शनाला, शर्यतीला, दुरुस्तीला, पेट्रोल भरायला नेता येते. रोजच्या वापरात किंवा धंद्यात ती चालवता येत नाही. म्हणजे ज्याला जीप शेतावर आणि बाजाराला न्यायची आहे, त्याने या मानाच्या वाटेला जाऊ नये. साध्या नोंदणीचेच नूतनीकरण करावे.

तसेच गाडीच्या मूळ रूपात मोठे बदल करण्याचे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की नोंदणी पुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरले. रुंद टायर, लांबवलेली चासी, दुसऱ्याच गाडीचे इंजिन, हे प्रकार चौकातल्या पोरांना आवडतात. तपासणीत गाडी तेथेच अडते. इंजिन बदललेच असेल तर त्याची नोंद पुस्तकात आहे ना, हे पाहा. आणि सरकारी लिलावातून गाडी घेऊ म्हणाल, तर १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे वाढत नाही. त्या मोडीतच निघतात.

कागद ठीक आहेत, असे धरून पुढे जाऊ. आता कामाचा क्रम. बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात. आपण उलट करायचे. चार शब्द ध्यानात ठेवा: गाडी आधी थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, मग चालली पाहिजे, आणि सर्वांत शेवटी दिसली पाहिजे. पैसा मध्येच संपला, आणि तो संपतोच, तर जे राहील ते दिसण्याचे राहावे, थांबण्याचे राहू नये.

मात्र या चारांच्या आधी सांगाडा. गाडी धुऊन, चासी कोरडी करून, लहान हातोडीने टोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत आहे. भद्द आवाज आला, पोपडे पडले, तर आतून गंज खात आला आहे. आपली काळी माती येथे मोठा शत्रू. ती पावसाळ्यात चासीच्या कोपऱ्यांत, पाट्यांच्या बैठकीत गच्च बसते आणि आठ-आठ दिवस ओल धरून ठेवते. वरून वाळलेली दिसते, आत ओलीच असते. पाट्यांची शॅकल जेथे चासीला जोडते ती जागा आणि स्टिअरिंगचा डबा बसतो ती जागा, या दोन ठिकाणी भेग असेल तर नुसता टाका मारून भागत नाही. तडा मोकळा करून, आतून पट्टी देऊन, जाणत्या वेल्डरकडूनच काम करून घ्यावे.

गाडीखाली जायचे तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. खाली पक्की घोडी हवी. विटांची रास लावू नये. वीट दिसते मजबूत, पण एका कोपऱ्यावर भार आला की फुटते.

आता थांबणे. जीपला चारही चाकांवर ड्रमचे ब्रेक आहेत. तुम्ही पायाने दांडी दाबता, ती मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ढकलते, तेलावर दाब पडतो, आणि तो दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत सारखाच पोचतो. शाळेत आपण पास्कलचा नियम शिकवतो तो हाच. शिक्षक बंधूभगिनींनी मुलांना जीपजवळ उभे करून हा नियम दाखवावा; फळ्यावरच्या आकृतीपेक्षा तो लवकर उमजेल. पण याच नियमात धोकाही आहे. जुन्या जीपमध्ये मास्टर सिलिंडर एकच आणि तेलाची वाट एकच. एका चाकाची नळी फुटली की तेल तेथून निघून जाते, दाब कोठेच उरत नाही, आणि चारही ब्रेक एकदम जातात. तेव्हा या बाबतीत ‘अजून चालेल’ हा शब्द वापरायचा नाही. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, रबरी होज आणि गंजलेल्या नळ्या, सारे एकदाच नवे घालावे.

ब्रेकमध्ये ब्रेकचेच तेल घालावे. वेळेला हाताशी नाही म्हणून कोणी इंजिनातले तेल ओततो. त्याने आतली रबरे फुगतात आणि ब्रेक जागच्या जागी अडकतात. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते, म्हणून दोन वर्षांनी ते बदलावे. काम झाल्यावर साधी परीक्षा अशी: इंजिन बंद ठेवून दांडी जोराने दाबा आणि मिनिटभर दाबूनच ठेवा. पाय हळूहळू खाली जाऊ लागला तर कोठे तरी गळते आहे. जुन्या लायनिंगच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ते फुप्फुसांना फार वाईट. ड्रम उघडल्यावर ती धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपाने उडवू नका. ओल्या फडक्याने टिपून घ्या आणि फडके टाकून द्या.

हातब्रेकचीही एक खोच आहे. जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. तो गाडी उभी धरण्यासाठी आहे. तेथे तेल गळत असेल तर ड्रम बुळबुळीत होतो आणि चढावर उभी गाडी मागे सरकते. बाजारात गाडी उभी करताना गिअरही घालावा, चाकाला दगडही लावावा.

दुसरे, वळणे. पुढची चाके सरळ ठेवून स्टिअरिंग दोन बोटांनी इकडेतिकडे हलवा. चाक हलण्याआधी ते बरेच फिरत असेल तर झीज कोठे आहे ते शोधा: डब्यात, मधल्या बेलक्रँकमध्ये, टाय-रॉडच्या टोकांत की किंगपिनच्या बेअरिंगांत? पुष्कळ मिस्त्री डब्याचा स्क्रू कसून मोकळे करतात. त्याने खेळ कमी झाल्यासारखा वाटतो, पण वळणावर स्टिअरिंग जड होते आणि खरी झीज तशीच राहते. किंगपिन सैल असतील तर ताशी ४०-५० किलोमीटर वेगात एखादा खड्डा लागला की पुढची चाके थयथय नाचू लागतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. अशा वेळी पुलावर गाडी असेल तर काय होईल, याची कल्पना करा.

टायरवरही नुसती नक्षी पाहू नका, वय पाहा. टायरच्या कडेला चार अंक कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ असेल तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. उन्हात वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचे टायर नक्षीने नवे दिसतात, पण रबर मेलेले असते.

तिसरे, चालणे. वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन एकदम सेल्फ मारून फिरवू नका. आधी प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडा, रात्रभर राहू द्या. मग प्लग काढलेलेच ठेवून हँडलने हळूहळू फिरवा. पुढे प्लग लावून हँडल मारायची वेळ आली, तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, दांडीभोवती गुंडाळू नका. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. जुन्या ड्रायव्हरांची ही पहिली शिकवण असे.

इंजिन सुरू झाले की धूर पाहा. निळसर धूर निघत राहिला तर तेल जळते आहे. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजले. काळा धूर असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, कार्बुरेटर पाहा. गरम झाल्यावरही पांढरी वाफ येत राहिली आणि तेलाचा रंग दुधाळ झाला, तर पाणी तेलात मिसळते आहे; हेडचे गास्केट गेले किंवा हेडला तडा आहे. चारही सिलिंडरांचा दाब मोजून घ्या. चारही जवळपास सारखे असतील तर इंजिन उघडायची घाई करू नका. पॉइंट, कंडेन्सर, प्लग आणि वायरी नव्या घालून, पॉइंटची फट सुमारे अर्धा मिलिमीटर आणि प्लगची पाऊण मिलिमीटर ठेवून, आधी महिनाभर चालवून पाहा. “मालक, इंजिन खोलावंच लागंल,” असे मिस्त्री म्हणाला तर “का?” असे विचारायला लाजू नका. चांगला मिस्त्री कारण दाखवून देतो.

पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखाली असते. आत गंज असतोच. ती काढून, धुऊन, आतून लेप देऊन घ्यावी. रिकाम्या टाकीला भोक आहे म्हणून कोणी वेल्डिंगचा टाका मारू म्हणाला, तर हात जोडून नको म्हणा. पेट्रोल काढले तरी वाफ आत राहते, आणि भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक भयंकर उडते. रेडिएटरच्या दुकानात टाकी नीट धुऊन झाळण्याची सोय असते, तेथेच ते काम करावे किंवा नवी टाकी घालावी.

आजच्या पेट्रोलची एक नवी गोष्ट आहे. २०२३ पासून पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळून विकायला सुरुवात झाली आणि आता ते सर्वत्र आहे. इथेनॉल आपल्याच उसापासून आणि मक्यापासून बनते, ही शेतकऱ्याच्या दृष्टीने आनंदाची बाब. पण ही जीप बनली तेव्हा असे मिश्रण कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. इथेनॉल जुन्या रबराला आणि वायसरांना मऊ करते, हवेतले पाणी ओढते, आणि टाकीतला जुना गाळ सोडवून कार्बुरेटरकडे पाठवते. म्हणून पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बुरेटरचा किट इथेनॉल सोसणारा घालावा, मध्ये एक पारदर्शक गाळणी बसवावी, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी. सरावलेला मिस्त्री कार्बुरेटरही थोडा बदलून लावून देतो, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असते.

परभणीचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. पारा ४२-४३ अंशांच्या वर गेला की जीपची खरी कसोटी लागते. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नका. आपल्या काळ्या दगडातले पाणी जड असते. तापल्यावर त्यातला क्षार पितळी नळ्यांत आणि ब्लॉकच्या पोकळीत बसतो, चहाच्या भांड्यात बसतो तसा. मग पाणी फिरत नाही आणि गाडी उकळते. रेडिएटर सोलून घ्यावा, आणि कूलंट व शुद्ध पाणीच घालावे. उकळलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही लगेच उघडू नये.

विजेच्या वायरी जुन्या असतील तर त्यांची डागडुजी करू नका. कापडी वेष्टण कुजलेले असते आणि वायरी पेट्रोलच्या नळीजवळून गेलेल्या असतात. नवी वायरिंग करून प्रत्येक फाट्याला फ्यूज घाला. मूळ गाडी ६ व्होल्टची असेल तर ती १२ व्होल्टची करून घेताना बल्ब आणि कॉइलही बदलावे लागतात. मागचे लाल दिवे, दिशा दाखवणारे दिवे आणि परावर्तक हे शोभेसाठी नाहीत. उसाच्या हंगामात रात्री रस्त्यावर किती बैलगाड्या आणि ट्रॉल्या असतात, ते तुम्ही जाणताच.

आता जीपचे खरे वैशिष्ट्य, चार चाकांचा जोर. मोठ्या गिअरदांडीजवळ दोन लहान दांड्या असतात. एक पुढच्या चाकांना जोर देते; दुसरी वेग निम्म्याहून कमी करून ताकद तितकीच वाढवते. कमी गतीचा गिअर पुढची चाके जोडल्याशिवाय घालू नये. आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढची चाके जोडून गाडी चालवू नये. का? गाडी वळते तेव्हा पुढची चाके मोठ्या वर्तुळावरून जातात आणि मागची लहान वर्तुळावरून. म्हणजे पुढच्या चाकांना जास्त फेरे हवे असतात. पण जोडलेल्या अवस्थेत पुढच्या-मागच्या शाफ्टला सारखेच फेरे मिळतात. चिखलात चाक थोडे घसरते आणि हा हिशेब आपोआप मिटतो. डांबरावर घसरायला जागा नसते. सगळा ताण शाफ्टच्या क्रॉसवर आणि गिअरवर येतो. दांडी अडकते, दात तुटतात. तेव्हा ही दांडी आपल्या काळ्या रानासाठी आहे, महामार्गासाठी नाही.

गिअरबॉक्सही जुन्या रीतीचा. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला गिअर घालू नये. तेल जी.एल.-४ जातीचे घालावे. काही अधिक तीव्र तेले आतल्या पितळी भागांना खातात. पाने इंचाचे वापरावेत. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो, पण बोल्टाचे डोके गोल करून ठेवतो. सुटे भाग मिळण्याची फारशी पंचाईत नाही, कारण या जातीच्या जीपा आपल्या देशात कित्येक दशके बनत होत्या. मुंबईत कुर्ल्याकडे जुन्या मोटारींच्या भागांचा मोठा बाजार आहे. मात्र ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग जुने घेऊ नयेत, नवेच घ्यावेत.

शेवटी दिसणे. गंज घासून, लाल प्रायमर देऊन, साधा रंग मारला तरी पुष्कळ. पण पुढच्या बैठकांना पट्टे जरूर लावावेत. जीप आखूड आणि उंच असते. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर अवघे ८० इंच. वेगाने वळण घेतले तर ती कलंडू शकते. ताशी ७० किलोमीटरला तिचे इंजिन मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेत असते. म्हणून ५०-६० हा तिचा सुखाचा वेग. मागच्या आडव्या बाकांवर शाळेची पोरे दाटीने भरून नेण्याची सवय आपण सोडली पाहिजे. ती जीप आठ-दहा पोरे ओढू शकते. त्यांना वाचवू शकत नाही.

आता सुरुवातीचा आबांचा प्रश्न. एवढे करण्यात शहाणपण आहे का? हिशेब असा मांडा. वहीत तीन रकाने करा: करावेच लागेल, केले तर बरे, आणि हौस. पहिल्या रकान्याची बेरीज घरातला ठेवणीतला पैसा न मोडता भागत असेल, कागद स्वच्छ असतील, आणि रोजची ये-जा गाव, शेत आणि बाजार एवढीच असेल, तर जीप अवश्य उभी करा. पावसाळ्यात जेथे दुचाकी रुतते तेथे ती दूध आणि आजारी माणूस दोन्ही बाहेर काढील. पण रोज परभणीहून नांदेडला जायचे असेल, तर ही गाडी त्या कामाची नव्हे. पेट्रोलवर लिटरला दहा किलोमीटर मिळाले तरी समाधान मानावे लागते, आणि टक्कर झाली तर नव्या मोटारीतले संरक्षण हिच्यात नाही. हौसेसाठी कर्ज काढणे तर कधीच बरे नाही.

आणि एक सांगायचे राहिले. या जीपा ज्यांनी हाताळल्या, नुसत्या आवाजावरून ज्यांना दुखणे कळते, ते मिस्त्री आता म्हातारे झाले आहेत. त्यांची विद्या पुस्तकात नाही. ती त्यांच्या हातात आहे. गावात जीप उघडली जात असेल तेव्हा आय.टी.आय.त शिकणाऱ्या मुलाला तेथे बसू द्या. शिक्षकांनी एक दिवस वर्ग तेथे न्यावा. प्रत्येक भाग काढताना त्याचे चित्र काढून, नाव लिहून ठेवण्याचे काम मुलांना द्या. तरफ, घर्षण, दाब, ज्वलन, वीज, सारे भौतिकशास्त्र त्या एका यंत्रात उघडे पडलेले असते. आजच्या बंद मोटारीत ते दिसत नाही.

पैसा आणि वेळ असेल तेवढे करा, पण क्रम मोडू नका: आधी कागद, मग सांगाडा, मग ब्रेक, मग स्टिअरिंग, मग इंजिन, आणि रंग सर्वांत शेवटी. या क्रमाने उभी केलेली जीप रंगाने फिकी असली तरी पोळ्याच्या पावसात शेतावरून घरी सुखरूप परत येईल.